बसवरची लाल लावालावा

१६ नोव्हेंबर, शनिवार

मला बसमध्ये टाकलं! खोटं नाही. लेउलु मामाची जुनी लाकडी बस. चाकं कधीच विकून खाल्ली, आता घरामागे नीरफणसाखाली विटांवर उभी आहे. सकाळपर्यंत तिच्यात कोंबड्या राहायच्या. आता मी राहणार. कोंबड्या जाता जाता माझ्या सीटवर सही करून गेल्या.

कारण गोवर. सगळ्या सामोआत. शाळा बंद — ही एकच बरी बातमी. रेडिओ सकाळपासून तेच ते ओरडतोय.

दवाखान्यातली सिस्टर आकेनेसे माझ्याकडे बोट दाखवून मामाला म्हणाली, "मोएला वेगळ्या खोलीत ठेवा. कुणी जवळ जायचं नाही."

मामा म्हणाला, "खोली?"

सगळे हसले. आमच्या घराला भिंतीच नाहीत. खांब, छप्पर, चटया आणि चौदा माणसं. एकाला शिंक आली की चौदा जण तोंड पुसतात. मग मामाची नजर हळूच बसकडे गेली. मामाने बघितलं म्हणजे ठरलं. तो मताई आहे, आमच्या कुळाचा प्रमुख. त्याला उलटून बोलायची हिंमत फक्त फुआतिनो मावशीची.

फेतू — मावशीचा मुलगा, वय सोळा, अक्कल सहाची — खालून ओरडला, "तिकीट काढलंस का गं, फुकटे?"

मी खिडकीतून चप्पल मारली. बरोबर कपाळावर!

आता एकच चप्पल आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार

उमूच्या भट्टीतल्या तापल्या दगडांचा वास सकाळपासून. सगळी मोठी माणसं पांढरे कपडे, पांढऱ्या टोप्या घालून चर्चला गेली. मी बसमधून टोप्या बघितल्या. पाद्रीणबाईंच्या टोपीवर या वेळी अख्खी बाग होती.

ताट मावशी आणते. आत यायची परवानगी तिला एकटीला, तोंडाला फडकं बांधून. आई ऑकलंडला कोंबड्या सोलायच्या कारखान्यात, त्यामुळे मला वाढवलं, बडवलं, सगळं मावशीने. तिचे गुडघे गेलेत. बसच्या प्रत्येक पायरीला एकदा "येशू!" म्हणते. घरात सगळे चटईवर मांडी घालून बसतात, तिलाच पाय पसरावे लागतात. आणि दुसऱ्याकडे पाय करणं म्हणजे उद्धटपणा, म्हणून पायांवर चटई ओढून बसते. पाद्री आले की लाजेने अर्धी होते.

गोळ्या तिच्यासमोर घ्यायच्या.

"जीभ दाखव."

दाखवली.

"वर कर."

केली. पोलीस!

१८ नोव्हेंबर

काही करायला नाही म्हणून लिहिते. वही फेतूची, गणिताची. त्याने तशीही पहिली तीनच पानं वापरलीत, तीही चुकीची.

माझा आजार. गेल्या वर्षी बोटं सुजली, गुडघे सुजले, नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल फुलपाखरू बसलं. मी त्याचाही फायदा घेतला. ही शहरातली फॅशन आहे सांगून वर्गातल्या मुलींना गालाला जास्वंद चोळायला लावलं! मग लघवीला फेस यायला लागला आणि गंमत संपली. शहरातल्या डॉक्टरने लुपस असं नाव सांगितलं. बाकी जे सांगितलं ते माझ्या डोक्यावरून गेलं.

सिस्टरने सांगितलेलं कळलं. म्हणाली, "संध्याकाळच्या प्रार्थनेला शंख वाजला की आपल्या गावची पोरं काठ्या घेऊन रस्त्यावर उभी राहतात ना, कुणी भटकू नये म्हणून? तशी पोरं तुझ्या अंगात पण आहेत. पण ती पिसाळलीत. चोर सोडून घरच्यांनाच बडवतायत. सध्या तुझ्या मूत्रपिंडावर काठ्या चालल्यात. या गोळ्या त्यांना खाली बसवतात."

मी विचारलं, "आणि खरा चोर आला तर?"

ती म्हणाली, "म्हणून तर सांगते, ताप आला की धावत यायचं."

मोठ्या गोळ्या आणि छोट्या गोळ्या. छोट्यांनी गाल फुगतात, भूक लागते, पण सांध्यांचं दुखणं असं जातं की कधी नव्हतंच. मी घरभर नाचून दाखवलं होतं. मावशी बघत बसली होती, पायांवर चटई घेऊन. "देवाने मला पण असलं काही तरी द्यावं," म्हणाली.

छोट्या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, माणूस कोसळतो — हे सिस्टरने दोनदा बजावलंय.

आणि आता खरा चोर आलाय. सगळ्यांना सुई, मला नाही. कारण सुईत गोवरच असतो म्हणे, अर्धमेला केलेला. बाकीच्यांची पोरं त्याला बदडतात आणि त्याचा चेहरा लक्षात ठेवतात. माझी पोरं खाली बसलेली. माझ्यात तो अर्धमेला पण उठून उभा राहील.

२० नोव्हेंबर

मार खाल्ला.

मावशीच्या लिपस्टिकने तोंडभर ठिपके काढले आणि फेतू आला तेव्हा खिडकीत मान टाकून पडले. वाटलं बोंबलत पळेल. तो जवळ येऊन बघत बसला. म्हणाला, "आधी डोळे लाल होतात, मग खोकला. उजेड सहन होत नाही. ठिपके सगळ्यात शेवटी. सिस्टरने सगळ्या घराकडून पाठ करून घेतलंय. तुझे डोळे तर पांढरेफटक आहेत, ढोंगी!"

पण मागून मावशी येत होती, तिने नुसते ठिपके बघितले. हातातलं ताट पडलं. त्या गुडघ्यांनी पायऱ्या चढून आली, एकदाही येशू म्हणाली नाही. मला छातीशी धरलं आणि तिच्या पांढऱ्या ब्लाउजला ठिपके लागले.

मग खराटा आणला.

पाठ अजून चरचरते. पण मला तिचा तो चेहराच आठवतोय.

२२ नोव्हेंबर

पलीकडच्या घरातला तोआ गेला. अजून नीट चालताही येत नव्हतं त्याला. परवा आमच्या कोंबडीच्या मागे रांगत होता.

घराच्या पुढ्यातच त्याच्या आजोबांच्या थडग्याशेजारी खणलं. मला बसमधून दिसतं. किती छोटं खणलं!

कुणी मोठ्याने रडलं नाही. त्यापेक्षा रडले असते तर बरं.

फेतू आज आला नाही टोमणे मारायला.

२३ नोव्हेंबर

विचार केला. नीट केला, उगाच नाही.

गोवर रस्त्यापलीकडे आहे. माझी पोरं बसलेली आहेत. त्यांना बसवतात गोळ्या. म्हणजे गोळ्या थांबवल्या की पोरं उठतील. उठली की घरच्यांना बडवतील, बरोबर — पण चोरालाही बडवतील! मूत्रपिंड नंतर बघू. मूत्रपिंड एका दिवसात मरत नाही. तोआ तीन दिवसांत गेला.

छोट्या एकदम बंद करायच्या नाहीत, म्हणून एक छोटी गिळणार. बाकीच्या आणि मोठ्या सगळ्या — गालात. जीभ वर केली तरी दिसत नाही, दाढेच्या मागे बसवायच्या. हे मी शाळेत च्युइंगमवर शिकलेय. शाळेत एवढं एकच नीट शिकले.

मावशी गेली की पिसुपोच्या, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या, रिकाम्या डब्यात थुंकायच्या, पुसून वाळवायच्या. डबा सीटखाली. टाकवत नाहीत. आई म्हणते फार महाग आहेत.

आज सगळ्या मुलांना सुया दिल्या. फेतू दंड धरून फिरतोय, जसं काय लढाईहून आला.

२४ नोव्हेंबर

जमलं. "वर कर." केली. "शाबास." म्हणाली!

मला हसू आलं आणि मग आलं नाही.

२६ नोव्हेंबर

चक्कर. उलटी. मावशीला सांगितलं कच्चा आंबा खाल्ला. तिने फेतूला धोपटला, आंबा दिला म्हणून. फेतू ओरडत होता, "मी नाही दिला! देवाशप्पथ नाही दिला!" कुणी ऐकतंय का त्याचं? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला बिचारा.

अंगातली पोरं उठतायत असं समजते. उठताना अशीच आदळआपट करत असतील.

२८ नोव्हेंबर

डब्यातल्या गोळ्या कमी झाल्यात!

हलवला तर आवाजच वेगळा. फेतूच. दुसरं कोण? मी त्याला खिडकीतून गाठलं.

"चोरा, माझ्या सीटखाली हात घातलास?"

"तुझ्या सीटखाली? तिथे कोंबड्यांनी काय काय केलंय माहितीये मला. मी पाय पण ठेवणार नाही."

तोंड खरं वाटत होतं. पण माझंही वाटतं.

कुणाला सांगणार? सांगितलं तर आधी विचारतील, डब्यात गोळ्या आल्या कुठून.

उंदीर असेल. मग असो. त्याचे तरी सांधे बरे होऊ देत.

३० नोव्हेंबर

आज एवढं हसले!

डुक्कर सुटलं आणि सरळ अळूच्या वाफ्यात घुसलं. आणि मावशी — मावशी! — कमरेला गुंडाळलेली लावालावा गुडघ्यांच्या वर खोचून त्याच्या मागे धावली. खरंच धावली. डुक्कर पण वळून वळून बघत होतं. फेतू म्हणाला, "आई, न्यूझीलंडच्या रग्बी टीममध्ये जा!" मावशी हसून लाल झाली. गाल कसे भरलेत तिचे. घरात मी नाही, माझा वाटा तीच खाते वाटतं.

पण माझ्या घोट्यांवर सूज आहे. अंगठा दाबला की खड्डा पडतो आणि राहतो. सकाळी डोळे पण सुजलेले. मावशीसमोर चादर घेऊन बसते.

पोरं उठली वाटतं. पण बडवतायत कुणाला?

२ डिसेंबर, सोमवार

रेडिओ: गुरुवारी, शुक्रवारी सगळा देश बंद. कुणी घराबाहेर पडायचं नाही. सुईवाली पथकं घरोघर येणार. ज्या घरात एक जरी माणूस सुईवाचून असेल, त्याने घरासमोर लाल कापड बांधायचं. आता मोठ्यांनाही सुई — मामा, मावशी, सगळे.

लाल कापड. म्हणजे माझ्यासाठी. कायमचं.

३ डिसेंबर

गावच्या सभेतून मामा आला तो तोंड पाडून. सभेत ठरलं म्हणे, आपल्या गावात एकाही घरावर लाल कापड दिसता कामा नये. शेजारचं गाव हसेल. ज्याच्या घरावर दिसेल त्याने एक मोठं डुक्कर आणि माशांच्या डब्यांचं खोकं दंड भरायचा.

सगळं ऐकू आलं. भिंती नसल्याचा हा एक फायदा.

मामा म्हणाला, "एकदा टोचून घेऊ दे तिला. सगळं जग घेतंय."

मावशी म्हणाली, "सिस्टर काय म्हणाली ते विसरलास? माझ्या पोरीला सुई लावलीस तर ते डुक्कर आधी तुला चावायला लावीन."

मग मामा हळूच, एकदम गोड आवाजात, "घरावर कापड नको असं ठरलंय. बसवर नको असं कोण म्हणालं?"

मावशी एवढी हसली! मी पण, तोंड दाबून.

४ डिसेंबर

मावशीची लाल लावालावा, मोठ्या पांढऱ्या फुलांची, बसच्या आरशाला बांधली. फडफडते. मला वाटलं मी विकायला आहे.

मामाची युक्ती सगळ्या आळीला आवडली! ज्यांच्या ज्यांच्या घरात मोठी माणसं सुईची राहिलीत ती सगळी उद्या इथे येणार, बसपाशी. म्हणजे एकाच कापडात सगळ्यांचं भागलं आणि कुणाच्याच घरावर काही नाही. मामा मिशीत हसतोय. पथकाला पण सोपं, म्हणतो.

मला एकटं ठेवायला बसमध्ये घातलं, आणि आता सगळी आळी बसपाशी जमणार. हे कुणाच्या लक्षात येत नाहीये का? मी खिडकीतून सांगितलं. मामा म्हणाला, "तू काच लाव."

बसला काचा कधी होत्या?

५ डिसेंबर, गुरुवार

आजचं सगळं लिहिते.

सकाळी माणसं आली. खाली चटया पसरल्या. मी मागच्या सीटवर, तोंडाला टॉवेल. सिस्टर आकेनेसे आणि एक परदेशी पोरगा, हातात बर्फाची पेटी. पाद्री पण होते. एका बाईच्या कडेवर बाळ होतं, रडवं, नाक वाहतंय. बाईचा नंबर आला तशी मावशीने हात पुढे केले, "आण इकडे." बाळ मांडीवर घेतलं.

मांडीवर!

मावशीने मांडी घातली होती. पाद्रींच्या समोर, ताठ, दोन्ही पाय छान मुडपून, चटई न घेता. मी नुसती बघत राहिले. ते धावणं. ते गाल. ती पायऱ्या चढून येते आणि येशू म्हणत नाही — कधीपासून म्हणत नाही?

उंदीर नव्हताच.

सिस्टरने विचारलं, "कसली औषधं चालू आहेत का?"

"छे," मावशी म्हणाली आणि बाही वर केली.

मी ओरडले, "मावशी, सुई नको! सिस्टर, थांबा!"

सगळे वर बघून हसले. कुणी तरी म्हणालं, "झाली हिची नाटकं सुरू." फेतू म्हणाला, "आता ठिपके दाखव!" आणि सिस्टरने कापूस फिरवला दंडावर.

मी खिडकीतून उडी मारली. सुजलेल्या पायांवर. माणसांमधून घुसले, टॉवेल कुठे पडला कळलं नाही, आणि सिस्टरचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

मामा गरजला, "मोए! आत हो!"

"तिने माझ्या गोळ्या खाल्ल्यात," मी म्हटलं. "रोज."

मावशी म्हणाली, "मी? काहीतरीच! पोरीला ताप आलाय." पण माझ्याकडे बघितलं नाही. सगळी आळी बसलेली, पाद्री बसलेले — कशी कबूल करेल?

मामा म्हणाला, "गोळ्या तू खातेस. तुझी मावशी उभं राहून तुला गिळायला लावते."

मग मी चटईवर बसले. पाय पुढे केला, सगळ्यांच्या तोंडासमोर, पाद्रींच्या पण, आणि घोट्यावर अंगठा दाबला. काढला. खड्डा पडला, तो भरेचना. सगळे त्या खड्ड्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "मी नाही खाल्ल्या. बारा दिवस झाले. गालात धरून डब्यात टाकल्या. सीटखाली डबा आहे, रिकामा आहे. विचारा तिला रिकामा कसा झाला."

कुणी हसलं नाही. मावशीने हळूच पाय सरळ केले. आणि सवयीने चटई ओढून घेतली पायांवर.

सिस्टरने सुई पेटीत ठेवली.

मग ते बाळ खोकलं. सिस्टरने त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं तर त्याने किंकाळी फोडली आणि डोळे मिटून घेतले. सिस्टरने खालची पापणी ओढून बघितली. लाल.

"सगळ्यांनी मागे व्हा," सिस्टर म्हणाली. इतक्या हळू म्हणाली की आधी कुणी हललंच नाही.

६ डिसेंबर

काल दवाखान्यात नेलं, दोघींना. मोकळ्या रस्त्याने. एक गाडी नाही, एक कुत्रं पण भुंकलं नाही. घरांपुढे लाल कापडं. दुसऱ्या गावांत लाज नाही वाटत वाटतं.

सिस्टर एवढी चिडली होती की ओरडली पण नाही. "तुला वाटलं दिवा लावावा तशी ती पोरं उठतील? गोळ्या सोडल्यावर पण ती बरेच दिवस धड जागी होत नाहीत. चोराला पकडायला नाही उठली. घर मोडायला तेवढी उठली." माझ्या लघवीची बाटली उजेडात धरली, फेसच फेस.

मावशीलाही बजावलं. आठवडाभराहून जास्त दोन्ही गोळ्या घेतल्यात, सुई आता बरेच दिवस नाही, अर्धमेला गोवर तिलाही झेपायचा नाही. आणि छोटी एकदम बंद नाही, हळूहळू उतरवायची. मावशीने शाळेतल्या मुलीसारखी मान हलवली.

मग सिस्टरने फ्रिजमधून एक बाटली काढली. दुसऱ्यांच्या रक्तातली तयार पोरं, गोवर ओळखणारी. उसनी. थोडे दिवस माझ्या अंगात पहारा देतील. तेवढी एकच बाटली होती. सिस्टर एकदा माझ्याकडे बघायची, एकदा मावशीकडे. बाळ तर मावशीच्याच मांडीवर होतं.

"तुम्हाला गोवर झालाय का कधी?"

मावशी लगेच म्हणाली, "लहानपणी. चांगला सणसणीत. हे बघा, कानामागे डाग आहे."

"मग सुईच्या रांगेत कशाला बसलात?"

"भावाने बसवलं म्हणून बसले. मताईला नाही कोण म्हणणार?" आणि मला पुढे ढकललं. "सगळी तिलाच द्या."

दोन्ही मांड्यांत दिली. जाड सुया. मी शिव्या दिल्या, मावशीने चापट मारली, मग तोच हात धरून बसली.

आता दोघी बसमध्ये. लावालावा राहू दे म्हणाली सिस्टर, लोक लांब राहतील.

७ डिसेंबर

मावशी घोरते. अख्खी बस हलते. चाकं असती तर एव्हाना शहरात पोचलो असतो.

९ डिसेंबर

फेतू ताट ठेवून लांब पळतो. आज ओरडला, "आता दोन तिकिटं काढा!" मग वळून म्हणाला, "आई, जेव नीट."

मला तिच्यावर रागवायचं होतं. विचारलं, "का खाल्ल्यास?"

"तू थुंकून ठेवल्या होत्यास. मी झाडताना डबा सापडला. म्हटलं पोरीला नकोत तर वाया कशाला? या घरात कुणाची वस्तू कधी कुणाची असते? तू माझी लिपस्टिक विचारून घेतलीस?"

"सांगायचं ना मग, मी खात नाही म्हणून! मला धोपटायचं!"

तिने माझ्याकडे न बघता चटई झटकली. मग म्हणाली, "रोज ठरवायचे की आज सांगते. पण सांगितलं असतं तर तू पुन्हा गिळायला लागली असतीस." आणि मग, अगदी हळू, "मोए, मी अकरा वर्षांनी चर्चमध्ये गुडघ्यांवर बसले गं."

मी तिच्याकडे पाठ करून झोपले. खूप वेळाने तिने माझ्या घोट्यावर अंगठा दाबून बघितला. मी झोपल्याचं सोंग घेतलं. ते मला जमतं.

११ डिसेंबर

ते बाळ जगलं! शहरातल्या दवाखान्यातून फोन आला. मामाने दंडाचं डुक्कर आपणहून सभेला दिलं. कुणी मागितलं नव्हतं.

मी आता खरंच गिळते. जीभ न विचारता दाखवते. सूज थोडी उतरली असं मला वाटतं, मावशीला नाही वाटत.

रोज सकाळी आधी आरशात डोळे बघते. पांढरे. मग दिवस सुरू.

१३ डिसेंबर

आईचा फोन. मामाने फोन काठीला बांधून खिडकीतून आत दिला.

आई रडत होती. मी म्हटलं, रडू नकोस, मला उसनी पोरं मिळालीत आणि मावशीला लहानपणीच होऊन गेलाय.

"कोणाला?"

"मावशीला. गोवर. कानामागे डाग पण आहे."

आई म्हणाली, "तो डाग मी केलाय. गरम केळं फेकून मारलं होतं. आम्हा बहिणींना कुणाला कधी गोवर नाही झाला, मोए."

मावशी पुढच्या सीटवर बसून माझी फाटकी शाळेची पिशवी शिवत होती. माझ्याकडे बघून हसली. जीभ काढून दाखवली. वर केली.

१४ डिसेंबर

काही नाही. दोघींचे डोळे बघितले. पांढरे. तिचे मी दोनदा बघितले. "काय गं बघतेस सारखी, मी काय सुंदर झालेय?" म्हणाली.

सिस्टरला निरोप धाडलाय. उसन्या पोरांची दुसरी बाटली आली तर मावशीसाठी. उशीर झाला असला तरी.

१५ डिसेंबर, रविवार

चर्चची घंटा झाली तरी मावशी उठली नाही. खोकली. म्हणाली, "मोए, ती खिडकी झाक गं. उजेड टोचतो."

मी म्हटलं, "ढोंग करतेस ना?"

फेतूला सिस्टरकडे पिटाळलंय. आरशाची लाल लावालावा सोडून आणली आणि तिच्या खिडकीला बांधली. आता आत सगळं लाल दिसतंय. तिचे डोळे किती लाल आहेत ते कळत नाही.